प्रतिसाद: स्वतःचं लिहिताना येणारी शंका

नववीतल्या या मुलीने लिहिलंय की गोष्टीचं पहिलं वाक्य ती सात-आठ वेळा खोडते आणि शेवटी सगळं गाईडमधल्या निबंधासारखंच वाटतं. या दोन वेगळ्या अडचणी आहेत.

खोडाखोड होते कारण लिहिणं आणि तपासणं एकाच वेळी चालतं. कच्चं लिखाण पेनाने, एक ओळ सोडून करायचं, वीस मिनिटं काहीही न खोडता. मग वही दोन दिवस बंद. त्यानंतर मोठ्याने वाचायचं. जीभ अडखळते तिथे वाक्य बहुधा फार लांबलेलं असतं. आपला कच्चा खर्डा छापील गोष्टीशी ताडून पाहू नये, तिच्यावर संपादकाचा हात फिरलेला असतो.

गाईडचा वास घालवायला जास्त वेळ द्यावा लागतो. कोणाच्याही वहीत खपेल अशा प्रत्येक वाक्याखाली रेघ मारायची. ‘आजी खूप प्रेमळ होती’ हे तसलंच. त्याऐवजी ‘आजी भाकरीचा पापुद्रा सोलून आधी माझ्या ताटात टाकायची’ असं लिहिलं की ती एकाच घरातली आजी होते. पानावर अशा दोन जागा पुरेत. सगळीकडे तपशील कोंबले तर गोष्ट पुढेच सरकत नाही.

मतांचंही तसंच: धड्याच्या स्वाध्यायाचं गाईडमधलं उत्तर वाचण्याआधी स्वतःच्या पाच ओळी लिहून ठेव. नंतर मत बदललं तर का बदललं, तेही खाली लिही.

वाचायला देताना ‘कशी झालीय?’ विचारू नकोस, सगळे ‘छान’ म्हणतात. ‘कंटाळा कुठे आला?’ असं विचार. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकात मुलांचं लेखन छापतात, तेही बघ.