केमोआधी मुलांचे दात तपासायलाच हवेत का?

साताऱ्याची मावशी:
भाच्याला चौथ्या वर्षी ए.एल.एल. (ल्युकेमिया, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार) निघाला. केमो लगेच सुरू झाली, तोंडात कुणी डोकावलं नाही. पांढऱ्या पेशी तळाला गेल्या आणि किडकी दाढ ठणकायला लागली. ताप, सलाईन, पुढचा डोस लांबला. माझं ठाम मत: ल्युकेमियाच्या प्रत्येक मुलाचं तोंड पहिल्या आठवड्यातच दंतवैद्याने बघायला हवं.

लातूरचा बाबा:
मावशी, तुमचं दुःख कळतं, पण पटत नाही. आमची लेक भरती झाली तेव्हा रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट जेमतेम १२ हजार होत्या. तिचा दात कोण काढणार? गावाकडून परळला आलेले आईबाप धर्मशाळेत जागा मिळवायला वणवण करत असतात, त्यांच्या हातात आणखी एका ओपीडीची चिठ्ठी? दुधाचे दात तर पडणारच आहेत.

नाशिकचे दंतवैद्य:
केमो थांबवा असं कुणीच म्हणत नाही. तपासायला टॉर्च आणि आरसा पुरतो, कॉटवरसुद्धा होतं. दात काढायचा झालाच तर पेशी तळाला जाण्याच्या आठवडा-दहा दिवस आधी, गरज पडल्यास प्लेटलेट चढवून, तेही कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारूनच. नाहीच जमलं तर पेशी वर येईपर्यंत थांबायचं. पण कीड कुठे आहे ते आधी माहीत हवं. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५००च्या खाली गेले की सूज, पू काही दिसत नाही, नुसता ताप येतो. त्याच दुधाच्या दाढेतून जंतू रक्तात उतरलेले असू शकतात.

लातूरचा बाबा:
मग ब्रशचं काय? वॉर्डातल्या बायका म्हणायच्या, हिरड्यांतून रक्त येतंय, ब्रश बंद करा. आम्ही केला.

नाशिकचे दंतवैद्य:
बंद केला की दातांवर थर साठतो, हिरड्या सुजतात, रक्त आणखी येतं. अगदी मऊ ब्रश, दिवसातून दोनदा. मेथोट्रेक्सेट या केमोच्या औषधाने तोंड सोलवटलं आणि ब्रश सोसवेनाच, तर तेवढे दिवस ओला गॉज. गोड सिरप दिल्यावर पाण्याने चूळ. आणि बरं झाल्यावरही दाखवत राहा: वयाच्या पाच वर्षांच्या आत केमो झालेल्या मुलांत पक्क्या दातांची मुळं आखूड राहू शकतात, एखादा दात येतच नाही.

साताऱ्याची मावशी:
हे भरतीच्या दिवशीच कागदावर लिहून का मिळत नाही?

लातूरचा बाबा:
कागद नको, ताई. दंतवैद्यच वॉर्डात येऊ दे, माझा विरोध संपला. आईबापांना पळवणार असाल तर मात्र आजही नाहीच म्हणेन.