भिंतीवरचा करडा किडा: 'कसर' म्हणावं का?

फोंडा: पावसाळ्यात न्हाणीघराच्या भिंतीवर, कपाटामागे भोपळ्याच्या बीसारखं चपटं, करडं काहीतरी चिकटलेलं दिसतं. माती समजून झाडायला जावं तर हळूच सरकतं! मुलीला शाळेच्या प्रकल्पात नाव लिहायचंय. शेजारच्या काकू 'कसर' म्हणतात. बरोबर आहे का?

डिचोली: काकूंचं अगदीच चूक नाही. 'शालीला कसर लागली' म्हणतो तीच कसर. ('कसर भरून काढणे'मधली वेगळी, ती तूट.) हा किडा म्हणजे एका पतंगाची अळी, तीही कपड्यांच्या कसरीच्याच कुळातली, टिनिइडी. पण कसर हे नाव नासधुशीवरून पडलंय. पुस्तकातल्या बिनपंखी रुपेरी किड्यालाही आपण कसरच म्हणतो, आणि त्याचा पतंगांशी काही संबंध नाही.

म्हापसा: 'कोश' लिहा की, सुटला प्रश्न.

डिचोली: नको. कोश विणून अळी आत स्वस्थ पडते. ही तर घर ओढत हिंडते. रेशमाच्या धाग्यात वाळू, धूळ, कपड्यांचे तंतू गुंफते आणि अंग वाढेल तसं घरही वाढवते. पूर्ण वाढलेलं घर 8 ते 14 मिमी. दोन्ही टोकं उघडी. भिंग लावून बघा: गडद डोकं आणि पुढचे सहा पाय एका टोकातून बाहेर येतात. हात लावला की आत. थोड्या वेळाने तेच डोकं दुसऱ्या टोकाला! याला मी 'खोळ' म्हणेन. पुढे कोशावस्था त्याच खोळीत जाते, म्हणून दोन्ही शब्द हाताशी हवेत.

मडगाव: आमच्या जुन्या चिरेबंदी घरात ही खोळ तांबूस दिसते, चिऱ्याची माती लागत असणार. पण यातून निघतं काय? पिसोळें?

डिचोली: पिसोळें म्हणजे फुलपाखरू, हा पतंग. मादीचे पंख पसरून 10 ते 13 मिमी, नर आणखी लहान. रंग करडा, पुढच्या पंखांवर गडद ठिपके, मागच्या पंखांच्या कडेला केसांची झालर.

फोंडा: आणि शास्त्रीय नाव? नेटवर सगळीकडे 'फेरिओइका युटेरेला' दिसतं.

डिचोली: तिथे जपून. युटेरेलाचं वर्णन कीटकशास्त्रज्ञ वॉल्सिंगहॅमने 1897 मध्ये केलं. तिच्या नोंदी फ्लोरिडा, वेस्ट इंडीज, ब्राझील अशा तिकडच्या. रेबेल या कीटकशास्त्रज्ञाने 1892 मध्ये वर्णिलेली, त्याच फेरिओइका प्रजातीतली 'अल्युटेला' मात्र भारत, श्रीलंका, सेशेल्स, जावा इथेही नोंदलेली आहे. नुसत्या फोटोवरून, त्यातही रिकाम्या खोळीवरून, दोघींत फरक करता येत नाही. त्यासाठी पतंगाचं विच्छेदन करून सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. मुलीला 'फेरिओइका' या प्रजातीच्या नावावरच थांबायला सांगा. मराठीत 'खोळवाली अळी' आणि 'खोळपतंग' चालेल.

म्हापसा: नाव राहू दे, कपडे खाते का ते सांगा.

डिचोली: लोकर खाते. सुती कपड्यांची काळजी नको. तिचं मुख्य खाणं कोळ्यांची जुनी जळमटं आणि गळलेले केस. जळमटं काढा, कपाट भिंतीपासून थोडं पुढे ओढा. दमट हवेशिवाय ती वाढत नाही, पण गोव्यात त्यावर काय उपाय करणार!