मदत हवी आहे: मुलांच्या पणत्या भाजताना फुटतात

नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या मराठी प्राथमिक शाळेत पुढच्या महिन्यात बालबाजार, म्हणजे कन्नडातली मक्कळ संते, भरतोय. चौथी-पाचवीच्या 22 मुलांनी स्वतः घडवलेल्या पणत्या विकायचं ठरवलंय. खानापूरची माती कौलांसाठी, कुंभारकामासाठी नावाजलेली. ती या मुलांच्या हातांना कळावी असं मनापासून वाटतं.

माती तळ्याकाठची, चाळून दोन दिवस भिजवलेली. पहिल्या खेपेला पणत्या उन्हात वाळवल्या, काठापासून बुडापर्यंत चिरा गेल्या. दुसऱ्या खेपेला चार दिवस सावलीत ठेवल्या, छान वाळल्या. मग खड्ड्यात शेणी आणि भाताचं तूस रचून भाजल्या, तर 40 पैकी 27 फुटल्या. एका मुलीने आपल्या पणतीचे तुकडे दप्तरात जपून ठेवलेत.

भट्टी नाही, गावातलं कुंभाराचं चाक कधीच थांबलंय. विकतच्या पणत्या आणून नुसत्या रंगवायच्या नाहीत. आग आम्ही शिक्षकच पेटवतो, मुलं लांब असतात.

जाणकारांनी सांगावं: मातीत बारीक वाळू किती मिसळायची, आणि सुरुवातीला आच किती वेळ मंद ठेवायची?