निर्माता झालेल्या नटाने मुख्य भूमिका दुसऱ्याला द्यावी का?

तिसरी घंटा
नाव झालं की नट स्वतःची संस्था काढतो, हे मराठीत शंभर वर्षांहून जास्त काळ चालू आहे. त्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो पुढच्या प्रकाराला. पहिलं नाटक स्वतःसाठी, दुसरंही स्वतःसाठी, आणि चित्रपट काढला तर त्यातही नायक आपणच. मग 'दुसरा अंक रेंगाळतोय, तुमचं स्वगत अर्ध्यावर आणू या' हे तालमीत दिग्दर्शकाने सांगायचं कुणाला? ज्याच्याकडून आपलं पाकीट येतं त्याला?

प्रभाकर पणशीकरांकडे बघा. 'तो मी नव्हेच'मुळे १९६२ पासून हा माणूस घराघरांत पोचलेला. १९६३ मध्ये त्यांची 'नाट्यसंपदा' ही नाट्यसंस्था सुरू झाली. एकाच नाटकात पाच भूमिका करणारा नट मालक झाल्यावर फक्त आपल्यासाठीच नाटकं लिहून घेत बसला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण १९६६ च्या 'अश्रूंची झाली फुले'त प्राध्यापक विद्यानंद ते स्वतः होते आणि शिट्ट्या घेत होता काशिनाथ घाणेकरांचा लाल्या. आपल्याच संस्थेच्या नाटकात, आपण रंगमंचावर उभे असताना, प्रेक्षक दुसऱ्याच्या एंट्रीची वाट बघताहेत, हे रोज सोसायला मोठं मन लागतं. पुढच्याच वर्षी 'कट्यार काळजात घुसली' आलं. ते उभं राहिलं वसंतराव देशपांड्यांच्या खाँसाहेबांवर आणि जितेंद्र अभिषेकीबुवांच्या संगीतावर.

म्हणून माझं म्हणणं असं: निर्माता झालेल्या नटाने दोनातली एक निर्मिती तरी अशी करावी की जिचा भार दुसऱ्या नटावर असेल. नाहीतर त्याला निर्मिती म्हणू नये, ती स्वतःच्या रोजगाराची सोय आहे.

प्लॅनवाला
साफ असहमत. तिकीटखिडकीवर येणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न 'कोण आहे यात?' हाच असतो. लेखकाचं नाव विचारणारे बोटांवर मोजण्याइतके. निर्माता म्हणून नटाजवळ एकच खात्रीचं भांडवल असतं, त्याचा स्वतःचा चेहरा. तेच त्याने पेटीत कुलूप लावून ठेवायचं?

प्रशांत दामल्यांनी २०२२ मध्ये १२,५०० वा प्रयोग केला. ते निर्मातेही आहेत आणि आपल्या नाटकात उभेही राहतात. लोक त्यांनाच बघायला येतात. त्या गर्दीवर नाट्यगृहाचं भाडं, जाहिरात, बस, नेपथ्याचा टेम्पो, सगळ्यांची नाईट (दर प्रयोगाचं मानधन) हे सगळं निघतं. यात गैर काय?

दादा कोंडक्यांचं उदाहरण तुम्ही सोयीस्करपणे टाळलंत. 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्याने नाव झाल्यावर १९७१ मध्ये त्यांनी 'सोंगाड्या' हा चित्रपट काढला आणि त्यातला नायक नाम्याही स्वतःच केला. त्या काळच्या देखण्या नायकाच्या साच्यात न बसणाऱ्या माणसाला मुख्य भूमिका द्यायला कोण बसलं होतं? त्याने स्वतःच स्वतःला दिली. मराठी सिनेमाचं त्यात भलंच झालं.

विंगेतून
तुम्ही दोघं भूमिकांवर भांडताय. मी पडद्यामागे काम करतो, मला दिसतं ते सांगतो. मालक आणि मुख्य नट एकच असला की सगळं नाटक एका माणसाच्या तारखांना टांगलेलं असतं. त्याला मालिका मिळाली, शूटिंग लांबलं, घसा बसला, की प्रयोग रद्द. आम्ही नाईटवर जगणारी माणसं. प्रयोग नाही तर पैसे नाहीत, सरळ हिशोब आहे. नाट्यगृहाच्या तारखा वाटपात आधीच घेतलेल्या असतात, त्या वाया जातात. मग 'नाटक काही दिवस थांबवतोय' असा निरोप येतो. नाटक चालत असताना बंद पडलेलं मी पाहिलंय, प्रेक्षक होते तरी.

मालकाने आपली भूमिका बसवलेला दुसरा नट तयार ठेवावा. एवढं जरी केलं तरी आम्हाला पुरे. ते कुणी करत नाही, कारण दुसरा आपल्यापेक्षा बरा निघाला तर काय, ही भीती.

प्लॅनवाला
विंगेतून, तुमची अडचण खरी आहे, मान्य. पण बदली नट उभा केला आणि प्रेक्षकांनी तिकिटाचे पैसे परत मागितले तर ते कुणाच्या खिशातून जाणार? मालकाच्याच ना.

पहिला शो
नाटक आणि सिनेमा एका तागडीत घालू नका. नाटक नाही चाललं तर दहा-बारा प्रयोगांत कळतं, थांबवता येतं, संहितेत फेरफार करता येतो. सिनेमात सगळा पैसा आधी ओतायचा आणि निकाल पहिल्या तीन दिवसांत. त्यानंतर दुरुस्ती नाही. त्यामुळे तिथे कलाकार निवडताना भावनेला जागा कमी हवी, आणि 'या भूमिकेत मी शोभतो का?' हे नटाने स्वतःला विचारणं सर्वांत अवघड.

अभिनेत्री आणि निर्मात्या स्मिता तळवलकरांना ते जमलं. 'चौकट राजा'त (१९९१) त्या होत्या, पण चित्रपट दिलीप प्रभावळकरांच्या नंदूचा. 'कळत नकळत' आणि 'तू तिथे मी' या त्यांच्या दोन्ही चित्रपटांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. महेश कोठारेंचं तर मला विशेष वाटतं. 'धुमधडाका'त (१९८५) निर्माता, दिग्दर्शक आणि नायक तेच, तरी हशा अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डेंच्या वाट्याला. 'झपाटलेला'त तर तात्या विंचू नावाची बाहुली भाव खाऊन गेली. नायक आपण राहूनही जागा दुसऱ्याला देता येते. तेव्हा तिसरी घंटा, तुमचा 'दोनातली एक' हा नियम मला नको, पण त्यामागची तुमची मागणी रास्त आहे.

तिसरी घंटा
कोंडके टाळले नव्हते, आता घेतो. त्यांना कुणी उभं करत नव्हतं म्हणून त्यांनी स्वतःला उभं केलं, त्याला माझा सलाम. पण ज्याला दहा निर्माते भूमिका द्यायला तयार आहेत, त्याने संस्था काढून पुन्हा तेच करायचं, तर नव्या नटाने कुठे जायचं? 'बालक-पालक' (२०१३) मागे रितेश देशमुख होते, पडद्यावर मात्र शाळकरी पोरं. चेहऱ्याचं भांडवल असंही वापरता येतं. नाव पोस्टरवर असू दे, भूमिका दुसऱ्याला द्या.

पैशाचं म्हणाल तर बालगंधर्वांइतका लाडका चेहरा दुसरा कुणाचा होता? १९२१ नंतर गंधर्व मंडळी ही नाटक कंपनी त्यांच्या एकट्याच्या मालकीची. लोक त्यांच्यावर जीव टाकत होते, तरी मंडळी वर्षानुवर्षं कर्जात. गर्दी खेचणं आणि संस्था चालवणं ही दोन वेगळी कामं आहेत.

प्लॅनवाला
मग तेच म्हणा की! कर्जाचं मूळ ते स्वतः भूमिका करत होते हे नव्हे, हिशोब सांभाळणारं कुणी नव्हतं हे आहे. नटाने हवी ती भूमिका करावी, फक्त हिशोबाच्या वहीपाशी दुसऱ्याला बसवावं.

विंगेतून
आणि त्या वहीत आमची नाईट त्याच रात्री लिहिली जावी. बाकी भूमिका कुणीही करा.