मदत हवी आहे: खिडकीच्या 'सॅश'ला मराठीत काय म्हणतात?

नमस्कार मंडळी,

लंडनमधल्या जुन्या घरांच्या खिडक्या कशा दुरुस्त करतात, यावरच्या एका पुस्तिकेचं मराठी करतेय. 'सॅश' (खिडकीतली काच बसवलेली सरकती चौकट) या एका शब्दापाशी दोन दिवस अडले आहे. शब्दकोशात आधी कापडाचा अर्थ मिळतो: कमरेला किंवा खांद्यावरून तिरका बांधायचा पट्टा, सौंदर्यस्पर्धेत विजेतीला घालतात तो. खिडकीत त्याचं काय काम? म्हणून मुळाशी गेले, तर हे दोन वेगळेच शब्द निघाले.

कापडाचा सॅश अरबी 'शाश'वरून आला. शाश म्हणजे तलम मलमल. १६व्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत शिरला तेव्हा अर्थ होता पागोट्याचं कापड. ते डोक्यावरून कमरेला नंतर उतरलं. अरबीत आजही जखमेवर बांधायच्या जाळीदार कापडाला शाशच म्हणतात.

खिडकीचा सॅश मात्र फ्रेंच 'शासी'चा, म्हणजे चौकटीचा. १७व्या शतकात इंग्रजांना त्या शब्दाचा शेवट अनेकवचनासारखा वाटला, तो गळला आणि उरला सॅश. हाच फ्रेंच शब्द पुढे मोटारीबरोबर आपल्याकडे आला: आरसी बुकातला चासी नंबर! (चोळीचा खण आणि कपाटाचा खण यांचंही मूळ असंच वेगवेगळं आहे का? जाणकारांनी जरूर सांगावं.)

आता खरी अडचण. या खिडकीत काच बसवलेल्या दोन लाकडी चौकटी एकमेकींपुढून वर-खाली सरकतात. बाजूच्या पोकळीत दोरीला वजन टांगलेलं असतं, दोरी कप्पीवरून जाते. वजन आणि सॅश तोलात असल्यामुळे खिडकी जिथे सोडाल तिथे थांबते. आपली 'चौकट' भिंतीत पक्की बसलेली. 'तावदान' म्हटलं की काच. 'झडप' म्हटलं की बिजागरीवर उघडणारी डोळ्यांपुढे येते. 'सरकतं तावदान' लिहून पाहिलं, पण पुढच्याच पानावर 'सॅशमधली फुटलेली काच काढा' असं आहे, तिथे ते मोडतं.

तुमच्याकडचे सुतार या सरकत्या भागाला काय म्हणतात? रेल्वेच्या जुन्या डब्यांतही वर उचलायची खिडकी असते. माटुंगा किंवा लोअर परळच्या वर्कशॉपमध्ये कुणी काम केलं असेल, तर तिथे रोज तोंडात असलेला शब्द हवा आहे. कोशातला नसला तरी चालेल.