अनुभव धागा : बालवाडीतली घरची भाषा, घरचा डबा, घरचे सण

माझी लेक साडेतीन वर्षांची, यंदाच पुण्यात बालवाडीत जायला लागलीये. परवा घरी येऊन म्हणाली, "आई, उद्यापासून बोंबील नको, सगळे नाक धरतात." आम्ही मूळचे अलिबागकडचे, ही पोर दात आल्यापासून सुकट-भाकरी मिटक्या मारत खाते. त्याच शाळेत मागच्या महिन्यात फेटे, नऊवारी, मुंडू घालून 'विविधतेत एकता' झालं, फोटो सुंदर आले, पण डब्याचं काय? तुमच्याकडे कसं करतात ते सांगा, ताईलोकांनी तर नक्की लिहा.

अंगणवाडी सेविका, किनवट तालुका
आमच्याकडं निम्मी लेकरं तांड्यावरची, घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली. पहिल्या वर्षी मी सगळं मराठीतच बोलायचे अन् एक पोरगी तीन आठवडे दाराला टेकून बसायची, तोंडातून शब्द नाही. शेवटी तिच्या याडीकडून, म्हणजे आईकडून, शब्द विचारून वहीत लिहून घेतले. दुसऱ्या दिवशी भाकरी दाखवून म्हटलं "बाटी", तर ती खुदकन हसली अन् माझा उच्चार नीट करून दिला! त्या दिवसापासून दार सुटलं. आता श्रावणात तीजेला टोपलीत गहू पेरतो, सगळीच लेकरं रोज पाणी घालतात. एक जण म्हणाला हे आमच्या नवरात्राच्या घटासारखंच की. मी सांगितलं नव्हतं, त्यानंच ओळखलं.

सोलापूर
माझ्या वर्गात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू सगळंच आहे. जिना चढताना पायऱ्या मोजतो, रोज वेगळ्या भाषेत. तेलुगूत ओकटी रेंडू मूडू, कन्नडमध्ये ओंदु एरडु मूरु. मूडू आणि मूरु सारखंच वाटतं म्हणून तिसऱ्या पायरीवर सगळे उड्या मारतात. खर्च शून्य.

ऑकलंडहून
इथे न्यूझीलंडमध्ये बालशिक्षणाचा अभ्यासक्रमच १९९६ पासून माओरी (इथले मूळ रहिवासी) आणि इंग्रजी अशा दोन्ही संस्कृती धरून आहे, त्याचं नाव 'ते फारिकी', म्हणजे विणलेली चटई. माझा चार वर्षांचा मुलगा जेवणाआधी शाळेत माओरी प्रार्थना म्हणतो. आजी व्हिडिओ कॉलवर होती, तिने आपला जेवणाआधीचा श्लोक म्हटला तर हा म्हणे "आजी, तुझी पण आहे?" मग ते मी शिक्षिकेला सांगितलं आणि तिने आजीचा आवाज रेकॉर्ड करून मागितला, वर्गात लावला. आजी दोन दिवस सगळ्या सोसायटीला सांगत होती.

पालघर जिल्हा, निवृत्त बालवाडी शिक्षिका
हे नवीन नाही बरं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ ला बोर्डीत काम सुरू केलं, १९५७ ला कोसबाडला नेलं. वारली पोरं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची, ती कुरणशाळा. पोरांना बदलायच्या आधी शाळेने बदलायचं, हे त्यांनी करून दाखवलं. मीही आयुष्यभर चिंचोके, पानं, शंख-शिंपले घेऊनच शिकवलं, पोरांच्या हाताला ते ओळखीचं असतं.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार, हे वाचून धीर आला आणि ताईंशी बोलले. त्यांनी सोमवारी मुलांना गोलात बसवून, डोळे मिटून डब्यांचे वास ओळखायचा खेळ घेतला. लसणाची चटणी, मेथीचा पराठा, सांबार, मग सुकट. लेक डोळे मिटूनच ओरडली, "माझा!" शेजारच्या पोराने एक घास मागितला म्हणे. आज डब्यात जरा जास्त भरलंय.