मदत हवी आहे: रॅट्सचं सीरम टेस्टोस्टेरॉन, एकाच गटात एवढा फरक का?

मृगजळ: नमस्कार मंडळी, एम.फार्मचं प्रोजेक्ट आहे, सबमिशन तोंडावर आलंय. गोखरूचा अर्क देऊन सीरममधलं (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) टेस्टोस्टेरॉन एलायझावर (किटने हार्मोन मोजायची चाचणी) काढलं तर कंट्रोलमध्येच (औषध न दिलेल्या गटात) कुणाचं ०.६, कुणाचं ६, मग औषधाचा परिणाम दाखवायचा कसा? सर म्हणतात किट बदला. चांगलं किट कुठलं ते लवकर सांगा प्लीज.

जुना_लॅबवाला: आधी सगळी माहिती दे. स्ट्रेन (रॅटची जात) कुठला, वय किती, रक्त कधी, कुठून काढलं, भूल कशाची, युनिट काय, डुप्लिकेट (तेच सीरम दोनदा) लावले होते का?

मृगजळ: विस्टार, अ‍ॅडल्ट, नॅनोग्रॅम प्रति मिली. डुप्लिकेट छान जुळतायत. रक्त डोळ्यामागून, नेहमीसारखंच. किटचं सांगा ना.

पॅथ_ताई: अगं किटच्या भानगडीत पडूच नकोस, सीरम सरळ पॅथॉलॉजी लॅबला दे, सीएलआयए मशीनवर (प्रकाशावरून हार्मोन मोजणारं) संध्याकाळी रिपोर्ट हातात. टेस्टोस्टेरॉन माणसाचं काय न् उंदराचं काय, रेणू एकच.

जुना_लॅबवाला: ताई, रेणू एकच पण सीरम एक नाही ना. माणसाच्या रक्तात एसएचबीजी (टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवणारं प्रथिन) असतं, मोठ्या रॅटच्या रक्तात ते जवळपास नसतंच, आणि मशीन बसवलंय माणसाच्या सीरमवर. रॅटचं सीरम पातळ करत नेलं की आकडा त्याच प्रमाणात उतरतो का, वरून घातलेलं टेस्टोस्टेरॉन तेवढंच परत मिळतं का, हे बघितल्याशिवाय मी तरी तो रिपोर्ट धरणार नाही. एलएच, एफएसएच या पिट्यूटरीच्या हार्मोन्सना तर रॅटचंच किट हवं.

पॅथ_ताई: आमच्याकडे कॉलेजची पोरं नेहमी सँपल देतात, त्यांचे पेपरही छापून आलेत.

जुना_लॅबवाला: पेपर छापून आला म्हणून मोजमाप बरोबर ठरत नाही हो.





सह्याद्री_पीएचडी: डुप्लिकेट जुळतायत म्हणजे किटला दोष देऊन उपयोग नाही, रक्तातच फरक आहे. नर रॅटमध्ये टेस्टोस्टेरॉन एकसारखं सुटत नाही, वृषणाला टेस्टोस्टेरॉन सोडायला लावणाऱ्या एलएचचा झटका आला की त्यामागून चढतं न् उतरतं, त्यामुळे त्याच प्राण्याचा आकडा काही तासांत कितीतरी पट बदलतो. त्यात पकडापकडीचा ताण, भूल, पिंजऱ्यातला दादा कोण, सगळ्याचा परिणाम होतो. कुठला गट किती वाजता घेतलास?

मृगजळ: सकाळी कंट्रोल, दुपारपर्यंत औषधवाले. केटामाइन-झायलाझिन.

सह्याद्री_पीएचडी: मग वेळेचा फरक कुठला न् औषधाचा कुठला, कोण सांगणार? दोन्ही गटांतले प्राणी आलटून पालटून घेऊन, रोज ठरलेल्या वेळेतच रक्त काढायचं आणि गटात सहापेक्षा जास्त प्राणी हवेत.

जुना_लॅबवाला: जास्त प्राणी म्हणजे परत एथिक्स कमिटीची परवानगी, मृगजळला वेळ कुठाय? आहे ते सीरम पूल कर, म्हणजे गटातलं एकत्र मिसळून मोज.

सह्याद्री_पीएचडी: पूल केलं तर प्राण्याप्राण्यातला फरकच गायब, मग स्टॅटिस्टिक्स कशावर लावणार? त्यापेक्षा सेमिनल व्हेसिकल आणि व्हेंट्रल प्रोस्टेट (वीर्यातला द्रव बनवणाऱ्या ग्रंथी) यांची वजनं बघ. हे अवयव अँड्रोजेनवरच (टेस्टोस्टेरॉनसारखे नर हार्मोन) पोसले जातात, कित्येक दिवसांचा हिशोब त्यांच्या वजनात दिसतो, रक्तात फक्त त्या क्षणाचा. अवयव काढले होतेस का?

मृगजळ: हो, वजनं वहीत आहेत. पण सरांना किटचं नाव हवंय, त्यांना काय सांगू?

सह्याद्री_पीएचडी: किट राहू दे. सेमिनल व्हेसिकल द्रवासकट तोललंस की रिकामं करून? आणि त्या दिवशीचं प्राण्याचं वजन लिहिलंयस ना?